गाठ पडली होती

युरोपातली लढाई संपली त्या उन्हाळ्यात मला सात दिवसांची रजा मिळाली आणि मी एकटाच रोम बघायला गेलो. पलटणीतले बाकीचे शहाणे रजेच्या छावणीत गेले. तिथे फुकट चहा होता, पुरीभाजी होती, हिंदी सिनेमा होता आणि झोपायला खाट होती. पण मी पडलो सांगलीच्या हायस्कुलात मॅट्रिकपर्यंत शिकलेला हवालदार क्लार्क. इतिहासाच्या पुस्तकात रोमच्या बादशहांची चित्रं पाहिलेली. आपण पुऱ्या खाऊन माघारी फिरणाऱ्यांतले नव्हे, असा एक खुळा ताठा अंगात होता. शिवाय पलटणीत वाटलेल्या चोपड्यातून पन्नासेक इटालियन शब्द पाठ केले होते. पन्नास शब्दांवर माणूस परमुलखात उपाशी मरत नाही एवढं मी आजही छातीठोकपणे सांगू शकतो.

मुक्काम मिळाला एका म्हातारीच्या घरी, चौथ्या मजल्यावर. घरात ती आणि तिची सून, दोघीच. भाड्याऐवजी मी डबाबंद दूध, साखर आणि साबण द्यायचा असं ठरलं. साबणाची वडी म्हातारीने नाकाला लावून हुंगली आणि मला सगळ्यांत चांगली खोली दिली. चांगली म्हणजे खिडकीला दोन काचा शाबूत असलेली. खाट अशी करकरायची की कूस बदलायच्या आधी शेजाऱ्यांची परवानगी घ्यावी. समोरच्या भिंतीवर छातीत बाण रुतलेल्या एका साधूची तसबीर होती. तो डोळे वर करून आभाळाकडे बघत असे. त्या खाटेवर दोन रात्री काढल्यावर मीही तसाच बघायला लागलो.

मी रोज आंघोळ करतो हे कळल्यावर मला कसला तरी त्वचेचा रोग असावा असं म्हातारीने ठरवलं आणि सुनेकरवी चौकशी केली. सून इंग्रजांच्या छावणीत धुणं धुवायला जाई, त्यामुळे तिला कामापुरतं इंग्रजी येत होतं. मी संडासाकडे पाण्याचा मग घेऊन निघालो की म्हातारी तो हातातून काढून घ्यायची. मी तिथे बसून पाणी पितो अशी तिची समजूत झाली होती. ती दूर करायला माझ्या पन्नास शब्दांत एकही शब्द नव्हता.

जेवणाचं काय सांगावं! पहिल्या संध्याकाळी समोर वाफाळत्या शेवयांची ताटली आली. माझे डोळे भरून आले. दोन वर्षांत शेवया पाहिल्या नव्हत्या. मी कसलाही विचार न करता पिशवीतून दुधाचा डबा काढला, अर्धा त्यात ओतला, वर दोन चमचे साखर घातली आणि कालवलं. म्हातारीने छातीवर क्रूस काढला. शेवया खारट होत्या आणि तळाशी टोमॅटो होता. पण आता माघार घेतली तर हिंदुस्थानची अब्रू गेली असती, म्हणून मी ताटली चाटून पुसून संपवली आणि वर दुसऱ्यांदा मागितली. दुसऱ्या दिवसापासून मी घरून टपालाने आलेल्या कांदालसणाच्या चटणीची पूड त्यावर भुरभुरू लागलो. म्हातारीने ती एकदा चाखली आणि उरलेला दिवस ती माझ्याशी बोलली नाही. गाय चालत नाही हे सांगायला मी डोक्याला दोन बोटं लावून हंबरलो होतो. ते मात्र तिला पहिल्या दमात कळलं. कॉफी म्हणून जे मिळे ते जव जाळून केलेलं काळं पाणी होतं. लढाईने त्यांची खरी कॉफी नेली होती. माझी तक्रार नव्हती, फक्त त्याला कॉफी म्हणताना त्यांनी जरा लाजायला हवं होतं.

आणि ती प्रेक्षणीय स्थळं! मी पहिल्या दिवशी एक प्रचंड गोल पडकी इमारत पाहिली. अर्धी ढासळलेली, आत मांजरं. जुन्या काळी इथे माणसांना वाघसिंहांपुढे सोडत आणि लोक तिकिटं काढून बघत म्हणे. लढाई करून आलेल्या माणसाला यात नवल ते काय वाटणार? साताऱ्याच्या किल्ल्यावर चढलं की निदान वारा तरी लागतो. इथे चढून वर गेलो तर एक वाटाड्या लागला. तो दिसेल त्या दगडाचं वय दोन हजार वर्षं सांगू लागला. खांब दोन हजार, पायरी दोन हजार, कोपऱ्यातला नळही दोन हजार. शेवटी वैतागून मी त्याच्या टोपीकडे बोट दाखवलं. तो जरासुद्धा हसला नाही. म्हणाला, ही आजोबांची. बादशहांचे पुतळे पाहिले ते बहुतेक उघडेनागडे. सगळी पृथ्वी जिंकली, पण एक लंगोटी काही जमली नाही.

एका मोठ्या जुन्या देवळात त्यांनी चर्च केलं होतं. देऊळ म्हटल्यावर माझे हात आपोआप खाली गेले आणि मी पायरीवर बसून बूट काढले. आमच्या गावी देवळाबाहेर काढलेल्या वहाणा जातात हे ठाऊक असल्याने ते काखेत धरले आणि मोज्यांवर आत शिरलो. तर दारातच तीन माणसांनी मला गाठून बुटांचा भाव विचारला. त्या दिवसांत रोममध्ये लष्करी बूट म्हणजे सोनं होतं. देवाच्या दारात चोरटा माल विकायला आलेला शिपाई, असं समजून तिथल्या पाद्र्याने मला दंडाला धरून बाहेर काढलं. मी आयुष्यात एवढा सोवळा कधी वागलो नव्हतो आणि एवढा अपमानही कधी झाला नव्हता.

इथवर सगळं ठीक होतं. ही मजा मी पुढे गावात शंभर वेळा सांगितली. तिसऱ्या दिवशी जे झालं ते मात्र कधी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर म्हातारीने एक फोटो माझ्यापुढे ठेवला. तिचा मुलगा. आफ्रिकेत इंग्रजांच्या हाती सापडला होता आणि कैदी म्हणून हिंदुस्थानात नेला होता. मी हिंदुस्थानचा. तेव्हा तिने विचारलं, "तू याला पाहिलंस का?"

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आष्ट्यापासून कुंडलपर्यंत घरटी एक तरी पोर पलटणीत. कुणी रजेवर आलं की आयाबाया अंगणात गोळा होतात आणि विचारतात, "आमच्या पोराची गाठ पडली व्हती का रं?" जणू बर्मा आणि आफ्रिका म्हणजे आष्ट्याचा बाजार, फिरता फिरता गाठ पडायचीच. आणि शिपायाने सांगायचं असतं, "व्हय काकू, मागच्याच म्हयन्यात पडली. लय झ्याक हाय. अंग धरलंय चांगलं." हे कुणी शिकवत नाही, पण नाही म्हणणं अभद्र समजतात. गाठ नेहमी मागच्याच महिन्यात पडलेली असते, कारण शिळी गाठ काय कामाची? मग काकू पदराने डोळे पुसते, पोराला म्हणून राखलेलं दही तुम्हाला वाढते आणि जाते. तिला काय कळायचं ते कळत असावं. पण ती दुसरा प्रश्न कधीच विचारत नाही. ती रीत अशी दोन्ही बाजूंनी पाळायची असते.

मी फोटो हातात घेतला आणि सवयीने म्हणालो, "हो, पाहिला. मी रजेवर घरी गेलो होतो. चार महिन्यांपूर्वी. चांगला आहे. जाड झालाय." मी लढाईत आल्यापासून एकदाही घरी गेलो नव्हतो.

म्हातारीने दुसरा प्रश्न विचारला. मग तिसरा. मग ती जिन्यात गेली आणि तिने चारही मजल्यांवरची माणसं बोलावून आणली.

माझे पन्नास शब्द आणि हातवारे यांवर उत्तरं निघू लागली. काय खातो? मी म्हटलं, भाकरी. झोपतो कुठे? आंब्याच्या झाडाखाली, तिकडे गरम होतं. सुतारकाम करतो का? मी म्हटलं, करतो, खुर्च्या करतो. तो सुतार आहे हे मला तिनेच त्या प्रश्नात सांगितलं होतं, पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मी इटालियन कैदी पाहिले होते ते एकदाच, भरती होऊन निघालो तेव्हा मिरजेच्या स्टेशनावर. उभ्या गाडीच्या खिडक्यांतून ते केळी मागत होते. त्या केळ्यांवर मी तीन दिवस तिच्या मुलाचा संसार उभा केला. बदल्यात मला कोंबडी मिळाली, लपवून ठेवलेली दारू मिळाली, खाटेवर मुलाची रजई आली. मला वाटलं, रीत रोममध्येही चालते. खरं सांगायचं तर मला मजा येत होती.

सहाव्या दिवशी दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. सून वर आली. ती माझ्याशी आजवर साबण आणि पाणी यापलीकडे बोलली नव्हती. मोडक्या इंग्रजीत, एकेक शब्द ठेवत तिने सांगितलं की दीड वर्षापूर्वी सरकारी चिठ्ठी आली होती. नवरा हिंदुस्थानातच छावणीत तापाने वारला. म्हातारीने ती चिठ्ठी मानली नाही, ती दुसऱ्या कुणाची असणार म्हणाली. हिने मानली. खालच्या मजल्यावरचा बिजवर बेकरीवाला तिच्याशी लग्न करायला तयार होता. पलीकडच्या गल्लीतल्या चर्चचा पाद्रीही तयार होता, द्राक्षं उतरल्यावरचा दिवससुद्धा ठरला होता. आता म्हातारीने पाद्र्याला जाऊन सांगितलं होतं की मुलगा जिवंत आहे, पाहणारा माणूस माझ्या घरात राहतोय. पाद्र्याने लग्न थांबवलं होतं.

"तुम्ही त्यांना पाहिलं का?" तिने विचारलं.

मी म्हणालो, "नाही."

ती रागावली नाही, रडली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं की उद्या गाडीच्या आधी तुम्ही माझ्याबरोबर येऊन हे पाद्र्याला सांगाल का. मी येतो म्हणालो. ती म्हणाली, नऊ वाजता मी चर्चच्या पायऱ्यांवर थांबते.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीने माझ्यासाठी ससा रांधला होता. तिने एक पुडकं माझ्या मांडीवर ठेवलं. आत मुलासाठी विणलेला लोकरीचा स्वेटर होता. हिंदुस्थान गरम आहे हे तू सांगितलंस, ती म्हणाली, पण थंडी कुठेही पडते. ते तू त्याच्या हातात दे. आणि तिने माझे दोन्ही हात धरून त्यांचं चुंबन घेतलं. आमच्याकडे म्हातारी माणसं लेकरांच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडतात, तशी माया तिच्या तोंडावर होती. पाद्र्यासमोर मी तोंड उघडलं की ही बातमी अर्ध्या तासात याच जिन्यावरून वर येणार होती. मी जर्मन तोफांपुढे कसा टिकलो कोण जाणे, या म्हातारीपुढे मात्र मला टिकता आलं नाही. मी सांगितलं की गाडी लवकर आहे. पुडकं पाठीवर टाकलं आणि चर्चची गल्ली टाळून मागच्या रस्त्याने स्टेशन गाठलं. गाडी अकराची होती. दोन तास मी फलाटावर बसून राहिलो. अजून वेळ आहे, हे मला प्रत्येक मिनिटाला कळत होतं. मी उठलो नाही.

पुढच्या वर्षी सुटून गावी आलो. अंगणात आयाबाया जमल्या. शेजारची काकू पुढे आली, तिचा मुलगा बर्मात होता. "आमच्या पोराची गाठ पडली व्हती का रं?"

"न्हाई काकू," मी म्हणालो. "न्हाई पडली. आमी पार दुसऱ्या अंगाला व्हतो."

 काकूने डोळे पुसायला उचललेला पदर खाली सोडला. मग म्हणाली, "लय शिकलास रं बाबा. एवढं बोलायला काय जीव जात व्हता तुजा?" ती महिनाभर आमच्या घरची पायरी चढली नाही. पुढच्या महिन्यात तिचा मुलगा धडधाकट परत आला आणि मी अख्ख्या गावात आगाऊ ठरलो. जिथे थाप मारायची तिथे मी खरं बोललो होतो, आणि त्या खरेपणाचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता.

त्या रात्रीपासून पुडकं मला घरात बघवेना. शेवटी मी ते आष्ट्याच्या पोस्टातून रोमला परत पाठवलं. सोबत सुनेच्या नावाने सोप्या इंग्रजीत चिठ्ठी लिहिली: मी तुमच्या नवऱ्याला कधीही पाहिलं नाही, मी खोटं बोललो, हे पत्र पाद्र्याला दाखवा. खाली हुद्द्यासकट सही केली. आता आपण सुटलो असं मला वाटलं. हेही खरं सांगतो.

उत्तर यायला सात महिने लागले. बेतास बात इंग्रजीत काही ओळी होत्या. सासूबाई हिवाळ्यात वारल्या. शेवटपर्यंत त्या सगळ्यांना सांगत होत्या की हिंदुस्थानचा तो शिपाई शब्दाचा पक्का आहे, आणि मला बजावत होत्या की मुलगा येईपर्यंत घर सोडू नकोस. बेकरीवाल्याने एक वर्ष वाट पाहिली आणि ईस्टरनंतर दुसरीकडे लग्न केलं. तुमचं पत्र त्यानंतर पंधरा दिवसांनी मिळालं. मी ते पाद्र्यांना दाखवलं. ते म्हणाले, आता तू मोकळी आहेस.

स्वेटर मला मोठा होतो, तिने लिहिलं होतं, पण मी घालते.