पेरूला घातलेली घागर

माझा स्वभाव तेव्हाही तिखटच होता. त्या उन्हाळ्यात येवल्याकडच्या विहिरी आटल्या आणि चार मुसलमान विणकर कुटुंबं आमच्या गंगापूरच्या वाटेवरच्या मळ्यात, बांधाला झोपड्या घालून राहिली. माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी, त्यांना रोज घरटी दोन घागरी पाणी ठरवून दिलं. आपलीच विहीर तळाला गेलेली, त्यात हे वाटेकरी कशाला, म्हणून मी धुसफुसले. मामंजी म्हणाले, "आठ घागरींनी हिर आटत असंल, तर ती आटलेलीच समज."

पेरूला आम्ही ताण दिला होता. उन्हाळाभर झाडांना थेंब द्यायचा नाही, पानं गळू द्यायची. मग मृगाच्या पावसाला झाड फुलतं आणि थंडीत गोड फळ येतं. मध्येच पाणी पडलं की बहार हुकला. आमचं वर्ष त्याच बहारावर निघायचं.

एका सकाळी झोपड्यांजवळच्या पेरूच्या आळ्यात मला ओल दिसली. चोरीचं पाणी, आणि वर बहाराचा सत्यानाश! माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी बांधाआड दबा धरून बसले. विणकरांची एक म्हातारी कमरेवर घागर घेऊन आली आणि आळ्यात ओतू लागली. मी तिचा हात धरला आणि मामंजींना हाक मारली. आता यांचं पाणी तुटणार, याचा मला आनंदच झाला होता.

"कुणाचं पाणी हे?" मामंजींनी विचारलं.

"माझ्या वाट्याचं," म्हातारी म्हणाली. "एका घागरीत भागतं आमचं. आमच्याकडं पयली झाडं अशीच वाळली, मग हिर गेली, मग आमी निघालो. हे मरताना बघवंना, बेटा."

तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. मी हात सोडला. मला फार लाज वाटली.

मामंजींनी तिथेच बसून तिला ताण म्हणजे काय ते समजावलं. तिने कपाळावर हात मारून घेतला. मामंजी हसले. "बाकीच्यांना पाणी घालू नका. हे एक झाड तुमचं."

विहीर मृगापर्यंत पुरली. त्या झाडाला भर श्रावणात पेरू आले, पाणचट आणि किडके. पावसाळा सरल्यावर विणकर आपल्या गावी परतले. पुढे मळ्याचा कारभार माझ्याकडे आला, तरी त्या झाडाला मी कधी ताण दिला नाही. उन्हाळ्यात रोज एक घागर मीच घालते. पेरू अजूनही पाणचटच लागतात. मीठ लावून आम्ही ते आवडीने खातो.