बाभळीपासून पाण्यापर्यंत

फोन आला तेव्हा दाजींच्या धक्क्याचाच नकाशा माझ्यासमोर संगणकावर उघडा होता. सकाळचे साडेदहा वाजले होते, ऑफिसात नुकता चहा आला होता. ताईचं नाव दिसलं तेव्हा वाटलं, दाजींनीच तिला नकाशाचं विचारायला लावलं असणार. ताई एवढंच म्हणाली, "सुमन, हे गेले गं…" मी "कुठं?" असं विचारलं. अजून त्या प्रश्नाची लाज वाटते, पण खरं सांगायचं तर दाजी "गेले" म्हणजे पाण्याकडे गेले, असाच अर्थ इतकी वर्षं होता. त्या दिवशीही ते पाण्याकडेच गेले होते. परत येऊन टपरीत खुर्चीवर बसले आणि बसलेलेच राहिले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही दोघी बहिणी सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या. ताई लग्न होऊन उजनी धरणाच्या काठावरच्या गावी गेली, मी इथंच राहिले आणि एका खासगी ऑफिसात बांधकामांचे नकाशे काढू लागले. दाजी तालुक्याच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन गावी परतले तेव्हा धरणाच्या पाण्यावर मोटारी पलीकडे नेणारी बोट नुकतीच सुरू झाली होती. पुलावरून जायचं तर अर्धा दिवस मोडतो, बोटीनं चहा पिऊन होईपर्यंत पलीकडचा काठ येतो. सपाट लोखंडी बोट, तिच्यावर चार मोटारी आणि कडेनं मोटारसायकली. धक्का म्हणायचा तो नावाचा, बांधलेलं काही नाही. डांबरी रस्ता संपतो तिथं एक बाभूळ, बाभळीखाली पत्र्याची टपरी आणि पुढे पाण्यापर्यंत मातीचा उतार.

पहिल्या वर्षी तिथं रोज भांडणं होत. उसाचा ट्रॅक्टर, केळीचा टेम्पो, लग्नाच्या जीपा, सगळ्यांनाच आधी चढायचं असे. दाजी पहिल्यांदा नुसते बघायला गेले, दुसऱ्या दिवशी शिट्टी घेऊन गेले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी चुना लावलेल्या दगडांच्या तीन रांगा मांडल्या. एक मालाच्या गाड्यांची, एक माणसांच्या गाड्यांची, एक मोटारसायकलींची. नेमणूक कुणी केली नव्हती. पण महिन्याभरात दाजी सगळ्यांचे 'तात्या' झाले आणि बोटवाले त्यांना विचारल्याशिवाय दोर सोडेनात.

एकदा मी तिथं असताना एका नवरदेवाची गाडी रांग मोडून पुढे आली. आत फेटा बांधलेला नवरदेव, बाहेर त्याचे मामा. दाजींनी केळीच्या टेम्पोला आधी घेतलं तसे मामा तापले.

"अहो तात्या, मुहूर्त हाय की आमचा! केळीला काय मुहूर्त असतोय व्हय?"

"असतोय की. नवरी थांबंल, केळी थांबत न्हाय."

"आन् नवरी न्हाई थांबली तर?"

"तर मग पाव्हणं, बोटीनं जाऊन तरी काय करणार तुमी?"

रांगेतली सगळी माणसं हसली. नवरदेवही हसला. मामा मागे फिरले आणि जाताना टपरीवर पेढ्यांचा पुडा ठेवून गेले.

मला याद्या करायची सवय आहे. रोज सकाळी कामांची यादी, आणि जे झालं नाही ते दुसऱ्या दिवशीच्या यादीत. दाजींना याची फार गंमत वाटायची. "आमची मेव्हणी झोपायची बी यादी करती," असं ते पाहुण्यांना सांगत. मीही त्यांना सुनवायचे, की तुमचं काहीच लिहिलेलं नसतं, सगळं डोक्यात, उद्या कुणाला काही विचारायचं तर काय करायचं? ते नुसते मान हलवत. दर वेळी मी पोचायचे तेव्हा ते उताराच्या खाली कुठंतरी असत. मोजत्या पावलांनी पाण्यापर्यंत जात, तिथं वाकून एक दगड सरकवत आणि परत येत. विचारलं तर म्हणत, "पाणी बघून आलो." पाणी तर बाभळीखालूनही दिसत होतं…

गेल्या वर्षी गावानं समिती नेमून मोठी बोट आणायचं ठरवलं. आठ मोटारींची. तिच्यासाठी काँक्रीटचा उतार, गाड्या उभ्या करायला फरशीच्या रांगा, येणाऱ्या-जाणाऱ्या वाटा वेगळ्या. नकाशा काढायचं काम दाजींच्या शब्दावरून माझ्याकडे आलं. मी दिवाळीत ताईकडे गेले तेव्हा टेप घेऊनच गेले. दोन दिवसांत सगळी मापं झाली, आठवड्यात नकाशा तयार. डांबरी रस्ता जिथं संपतो तिथून सरळ पाण्यात उतार, सगळ्यांत कमी लांबीचा. मला तो फार आवडला होता.

संक्रांतीला मी तो त्यांच्यापुढे पसरला. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "झ्याक हाय. पर सुमे, ह्यात पाणी कुटं हाय?"

"हे काय, निळं दाखवलंय की."

"हे दिवाळीचं झालं. होळीचं कुटं हाय?"

काठावरच्या कुणालाही जे ठाऊक असतं ते मी विसरले होते. दिवाळीत धरण तुडुंब असतं, नंतर पाणी रोज थोडं थोडं मागे सरकतं आणि उन्हाळ्यात काठ कुठच्या कुठे जातो. माझा काँक्रीटचा उतार शिवरात्रीलाच कोरडा पडला असता. त्याच्या पुढे गाळ. तीन वर्षांपूर्वी एक मोटार दाजींच्या दगडांपलीकडे सरळ उतरली होती, ती दारापर्यंत रुतली आणि दोन ट्रॅक्टर लावून ओढावी लागली. हे मला माहीत होतं. तरी मी रेघ सरळ मारली होती. "पाण्याखालच्या जमिनीची मोजणी करायची तर वेगळी माणसं आणावी लागतात, दाजी," मी जरा घुश्शातच म्हणाले, "तेवढा वेळ समितीकडे नाही." ते म्हणाले, "बघू की. तू पुन्हा ये. तुला दावतो एक." काय दाखवणार ते मी विचारलं नाही. परतीच्या बसची वेळ झाली होती.

त्याच भेटीत मी त्यांना सोलापूरला डॉक्टरांकडे यायचा आग्रह केला. चढ चढताना ते थांबत होते. "केळीचा सीझन उरकू दे की," ते म्हणाले. 'दाजींना दाखवणे' ही ओळ माझ्या यादीत त्याआधीही होती. दिवाळीत होती, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातही होती. मी ती दर वेळी नीट अक्षरात पुढच्या पानावर उतरवून घेतली होती.

तेराव्याला मी टपरी आवरायला गेले. खिळ्याला यंदाची दिनदर्शिका होती, तिच्याखाली मागच्या वर्षीची, तिच्याखाली त्याच्या मागची… अशा सहा. प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं एक आकडा. ताई म्हणाली, "फेऱ्या लिहीत असतील बोटीच्या." पण बोटीच्या दिवसाला तीनशे फेऱ्या कशा होतील? दिवाळीच्या पानावर आकडे लहान होते, वीस, पंचवीस. मग वाढत वाढत चैत्रात पाचशेच्याही पुढे. आणि दर वर्षी फाल्गुनाच्या आसपास एका चौकोनात आकड्याबरोबर तीन शब्द: 'पाणी विहिरीशी आलं'.

मी उठून टपरीच्या दारात उभी राहिले. खाली उतारावर त्यांचे पांढरे दगड होते, सरळ नाही, डावीकडे तिरके गेलेले. आणि तेव्हा कळलं. ही पावलं होती. बाभळीपासून पाण्यापर्यंतची, रोजची, सहा वर्षांची. ते तिरके जात कारण डावीकडे, पाण्याखाली, धरणात बुडालेल्या त्यांच्या वडिलांच्या शेतातली विहीर होती आणि विहिरीला जाणारी मुरमाची वाट. तेवढीच जमीन टणक.

धरणाची रोजची पातळी वर्तमानपत्रात छापून येते. अमुक दिवशी पाणी किती उंचीवर आणि त्या दिवशी ते बाभळीपासून किती लांब, हे दोन आकडे शेजारी मांडले की पाण्याखालच्या जमिनीचा उतार कागदावर उमटतो. जी मोजणी करायला वेळ नाही असं मी म्हणत होते ती खिळ्याला टांगलेली होती. "तुला दावतो एक" म्हणजे हेच असणार, असं मी धरून चालले आहे.

अडचण एकच. दाजींचं पाऊल किती लांब, हे कुणाला माहीत? ताईला विचारलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. "माणसाचं पाऊल कोण मोजतंय गं?" मी सगळे आकडे वहीत उतरवून घेतले, अंदाजानं पाऊण मीटर धरलं आणि सोलापूरला येऊन ते मांडले. यंदाचं वर्ष अर्धवट, ते सोडलं. पहिली तीन वर्षं एकमेकांवर चपखल बसली. शेवटची दोन बसेनात. पाण्याची पातळी तीच, पण पावलं जास्त. चौथ्या वर्षी थोडी, पाचव्या वर्षी खूपच. पहिला विचार मनात आला तो हा, की दाजी मोजताना चुकले. मी त्या दोन वर्षांच्या रकान्याला 'अविश्वसनीय' असा शेराही मारला.

खात्री करायचा एकच मार्ग होता, विहीर. ती जागची हलत नाही. पाणी तिच्याशी आलं की बाभळीपासून टेप लावायची. पण यंदा पाणी अजून तिथवर उतरलं नव्हतं आणि समितीला नकाशा त्याच आठवड्यात मंजूर करायचा होता. मी सरपंचांना फोन केला.

"बाई, आता एका विहिरीसाठी अख्खं गाव थांबवायचं व्हय?"

"तात्यांच्या विहिरीसाठी," मी म्हणाले.

सरपंच म्हणाले, "तात्यांनी आमास्नी लई थांबवलंय. अजून एकदा थांबू की."

होळीनंतर चौथ्या दिवशी ताईचा फोन आला, दगडी कठडा उघडा पडला म्हणून. मी पहिली बस पकडली. ताईनं आधी बाभळीशी आणि मग दर खुणेशी टेपचं टोक धरलं, मी वाकून वाकून खुणा करत विहिरीपर्यंत गेले. तीनशे सहा मीटर. तिथंच कठड्यावर बसून वही काढली. पहिल्या वर्षी विहिरीशी चारशे दोन पावलं. मग चारशे पाच, चारशे चार. मग चारशे एकतीस. आणि गेल्या वर्षी चारशे ब्याण्णव.

विहीर तीच, वाट तीच. मी भागाकार केला. पहिल्या वर्षी एक पाऊल शहात्तर सेंटीमीटर. गेल्या वर्षी बासष्ट.

मोजण्यात ते एकदाही चुकले नव्हते. त्यांचं पाऊल आखूड होत गेलं होतं. दोन वर्षं ते रोज सकाळी स्वतःच्या हातानं ते लिहीत होते आणि आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या तरी आलं होतं का? मला अजून ठरवता येत नाही. ताईला सांगितलं तेव्हा ती पाण्याकडे बघत म्हणाली, "मला म्हणायचे, आता घाई कशाची, मजेत चालतोय…"

मी 'अविश्वसनीय' हा शेरा खोडला. प्रत्येक वर्षाला त्या वर्षाचं पाऊल लावलं आणि पाचही वर्षं एका रेघेत आली. नवा नकाशा तिरका आहे. बाभळीपासून डावीकडे विहिरीच्या रोखानं लांब उतार, वरच्या भागात फरशीच्या रांगा, खालच्या भागात काहीच पक्कं नाही, तिथं पाण्याबरोबर सरकणारे पांढरे दगड. समितीतल्या एकानं विचारलं, एवढ्या मोठ्या बोटीला दगड कशाला? सरपंच म्हणाले, "राहू द्या." नकाशा मंजूर झाला.

परवा टपरीत गेले होते. खिळ्याची दिनदर्शिका तशीच आहे. त्यांच्या शेवटच्या आकड्यानंतर तेरा चौकोन रिकामे, आणि मग पुन्हा आकडे, वेगळ्या अक्षरात, पेन्सिल जरा दाबून लिहिलेले. ताईनं मला काही सांगितलं नव्हतं. होळीनंतरच्या चौथ्या दिवसाच्या चौकोनात तिनंही लिहिलंय, 'पाणी विहिरीशी आलं', आणि वर आकडा, सहाशे एकवीस.

ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. "लई जास्त आलंय का गं? चुकलं का माजं?"

"न्हाय ताई," मी म्हणाले, "बरोबर हाय."