ब्लाउजच्या मापात सापडलेलं दुखणं

छावणीत माझ्या बाबांचं शिलाईचं दुकान आहे. फौजींच्या गणवेशावर त्यांचा हात बसलेला, आणि घमेंडही तशीच: आपलं माप चुकत नाही. दर चौदा एप्रिलला, जयंतीला, आई पांढरी साडी नेसते. तिच्यावरचा ब्लाउज बाबाच शिवतात, आणि दरवर्षी नव्यानं माप घेऊन वहीत टिपतात.

त्या वर्षी आईचा चेहरा गोल झाला, पोट सुटलं. "पोरगं नोकरीला लागलं, सुख मानवलं बाईला," शेजारणी म्हणायच्या. साखर आणि बीपी वाढलेलं बघून गल्लीतल्या डॉक्टरांनी भात बंद केला, चालायला सांगितलं. "अंगात त्राणच नाय रे," आई म्हणायची. खाली बसली की उठताना भिंत धरायची. मी अतिशहाणा, तिच्या ताटातली अर्धी भाकरी उचलून ठेवायचो.

जयंतीआधी माप घेताना बाबांनी टेप दोनदा फिरवली. पोटाचा घेर वाढलेला, मानेखाली मांसाचा उंचवटा, आणि दंड मात्र गेल्या वर्षीपेक्षा बारीक. आधी त्यांना स्वतःच्याच हाताचा संशय आला. जुना ब्लाउज घालायला लावला तर हुक लागेनात आणि बाह्या ढगळ.

"जाड झालेल्या माणसाचे दंड वाळतेत व्हय?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वही काखेत मारून ते आईला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. मला त्या वहीची लाज वाटत होती. डॉक्टरीणबाईंनी मात्र पानं नीट पाहिली आणि आईला हात न टेकता खुर्चीवरून उठायला सांगितलं. तिला उठता आलं नाही. मग तपासण्या, स्कॅन. फुफ्फुसात वाटाण्याएवढी गाठ निघाली. तीच शरीराला खोटे हुकूम सोडत होती, आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथी नको तितकं कॉर्टिसॉल तयार करत होत्या. साखर, सूज, वाळलेले दंड, सगळी तिचीच करणी. पसरायच्या आत सापडली, म्हणून ऑपरेशन करून काढता आली.

काही महिन्यांत आई आधाराशिवाय उठायला लागली. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी शिकाऊ डॉक्टरांना बोलावून बाबांकडे बोट दाखवलं. "आजार यांनी पकडला."

माझी छाती फुगली. बाबा खाली बघत म्हणाले, "कशाचा पकडतोय, बाई. ही किती महिने सांगत व्हती, त्राण नाय म्हणून. तिचं ऐकलं नाय, टेपचं ऐकलं."

बाबांचा एवढा अभिमान मला आधी कधीच वाटला नव्हता. मलाही आईला तेच सांगायचं होतं, की मीही तुझं ऐकलं नाही. मी नुसती तिची पिशवी उचलली.