ताट पुढे सरकवणारे प्रभाकरभाऊ

प्रभाकरभाऊ गेल्याचा फोन अकोल्याहून आला, तेव्हा मी राजापेठेत भाजी घेत होते. मेथीची जुडी तशीच हातात राहिली... अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात ते तंबाखू सोडवायला मदत करत. माझ्या नवऱ्याची, सुधाकररावांची बिडी त्यांनीच सोडवली. नातं काही नव्हतं, पण सख्खा भाऊ गेल्यासारखी मी भर बाजारात रडले.

सुधाकररावांना चार पायऱ्या चढतानाही दम लागायचा. बिडी सुटली नाही तर ऑक्सिजनच्या नळीवर जगावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. भाऊंनी गोळ्या दिल्या, तलफ आली की फोन करा म्हणाले, आणि बिडी खरंच सुटली. मग दर्यापूरला सासरे वारले. आमच्याकडे बसायला आलेल्या माणसांपुढे बिडी-तंबाखूचं ताट फिरतं, नाही फिरवलं तर लोक नावं ठेवतात. त्या ताटातली बिडी ह्यांनी पुन्हा ओढली आणि सगळी मेहनत पाण्यात गेली. मी इतकी संतापले, की सुतकातच ह्यांच्याशी कडाकडा भांडले. भाऊंना फोन केला, तर ते दुसऱ्याच दिवशी एसटीनं आले आणि सतरंजीवर ह्यांच्याजवळ बसले. ताट आलं. भाऊंनी ते तसंच पुढे सरकवलं.

"बापाच्या दुःखात एखादी ओढली तं काय बिघडते, साहेब?" काकासासरे म्हणाले.

"बाप गेला. आता पोरगाबी घालवता काय?" भाऊंनी विचारलं.

तेरवीपर्यंत भाऊ येत राहिले. पुढे बिडी सोडणाऱ्या कुणाच्याही घरी माणूस गेलं की त्याच्याजवळ जाऊन बसायचं, हा त्यांचा नेमच झाला. दवाखान्यातले चिडवायचे, तर म्हणायचे, "गोळी इथं देता येते, पण तलफ तं तिथं येते ना!"

तरुणपणी त्यांनीही खूप बिड्या ओढल्या होत्या, शेवटी फुप्फुसांनीच दगा दिला. अकोल्याला त्यांच्या घरी बसायला गेले, तेव्हा दारात कुणीतरी म्हणालंच, "सोडून तरी काय भेटलं यायले?" माझ्यानं राहवलं नाही. "मले माहा नवरा भेटला," मी म्हटलं.

परवा अंजनगावच्या एका माळ्याची आई गेली. तोही बिडी सोडायला भाऊंकडेच यायचा. सुधाकरराव सकाळीच निघाले, "त्याच्यापाशी कोणी बसाले पाह्यजे." संध्याकाळी परतले, तेव्हा मी धास्तावून विचारलं, "ताट आलं होतं?"

"आलं. माहाच हात गेला होता..."

"मंग?"

"त्यानं धरला."