हौदात उतरलेला बेल

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. वडिलांची नांदेडहून तिथल्या नव्या कार्यालयात बदली झाली आणि आम्ही एका लिंगायत कापड-दुकानदाराच्या घरी, मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला आलो. घरमालकांना सगळे अप्पा म्हणत. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणायचे. पाऊस झालाच नव्हता. आठ दिवसांनी टँकर यायचा आणि अंगणातल्या जमिनीखालच्या हौदात पाणी सोडून जायचा.

माघ लागला तसा तो हौद चार दिवसांतच तळाला जाऊ लागला.

“पोरी, तुमच्या नांदेडला गोदावरी हाय, इथं न्हाई,” काकू मला म्हणाल्या. “जरा हात आखडून न्हात जा.”

मी नुसती मान हलवली. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठी बोलायला लागले की शेजारच्या मुली तोंडावर हात धरून हसत.

शेवटी मिस्त्रीला बोलावलं. तो हौदात उतरला आणि खालूनच ओरडला, “अप्पा, हे बघा काय हाय ते!”

मी काकूंच्या मागून वाकून पाहिलं. भिंतीच्या भेगेतून मुळांचा झुपका आत घुसला होता. ओला, तपकिरी, बाईच्या सुटलेल्या केसांसारखा तळावर पसरलेला. हेच पाणी आम्ही पीत होतो.

अंगणात, हौदापासून आठ-दहा पावलांवर काकूंनी लग्नाच्या वर्षी लावलेला बेल होता.

“पूजेचं पाणी रोज त्याच्या बुडाला घालत होता नव्हं?” मिस्त्रीने विचारलं.

“दसऱ्यापासून बंद केलंय. त्या पाण्यात भांडी घासते.”

“मग? तुम्ही दिलं न्हाई, त्यानं घेतलं.”

काकू मटकन पायरीवर बसल्या. त्यांचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झाला होता.

अप्पा चिडले. “हौदाकडची सगळी मुळं बुडापासून छाटून टाक. पुन्हा कटकट नको.”

मला मुदखेड आठवलं. मामांच्या घरासमोर नाली खोदताना कडुलिंबाची मुळं खोडालगत तोडली होती. पुढच्याच वावटळीत सबंध झाड पत्र्यांवर आडवं झालं. हे मी काकूंच्या कानात सांगितलं. त्या ताडकन उठल्या.

“बुडाला हात लावायचा न्हाई! आत शिरलंय तेवढंच तोड, तिकडं, हौदाजवळ.”

अप्पांनी कुऱ्हाड पुढे केली. मिस्त्रीने ती बाजूला ठेवली. “हिनं मूळ फाटतं अप्पा, मग सडतं. करवत द्या.”

हौदाच्या भिंतीलगत त्याने हळूहळू माती उकरली. वाटेत लागलेली बारीक मुळं तशीच ठेवून त्यांच्यावर ओलं गोणपाट टाकलं. मनगटाएवढं एकच मूळ भिंतीकडे गेलेलं होतं. ते त्याने सरळ, एकाच जागी कापलं. काप पांढराशुभ्र होता आणि त्यावर पाणी पाझरत होतं. एवढ्या कोरड्या अंगणात ते पाझरणं मला बघवेना. हौदातला झुपका ओढून काढून, भेग सिमेंटने बुजवून त्याने तीच माती परत लोटली. काकूंनी पिण्याच्या पाण्यातली एक घागर तिथे ओतली.

“आता पानं गळतील,” मिस्त्री जाताना म्हणाला. “राहतील तेवढ्यावर त्यानं जगायचंय. पान तोडू नका.”

पानं गळाली. आठवड्याभरात झाड अर्धं उघडं पडलं. काकू रोज उठल्याबरोबर फांद्यांकडे बघत आणि मग चूल पेटवत.

अशात महाशिवरात्र आली. आख्खी गल्ली बेल न्यायला त्यांच्याच दारात यायची.

“ह्या साली एक पान मिळायचं न्हाई,” काकूंनी सांगितलं.

“मग देवाला काय वाहू?” शेजारीण चक्रावली.

“पाणी वाहा. न्हाईतर बाजारातून आण.”

दुपारी त्या आत गेल्या तेव्हा मला झाडाच्या राखणीला पायरीवर बसवून गेल्या. त्यांच्या घरचे गुरू, जंगम स्वामी आले. ज्यांच्या पाया पडल्याशिवाय काकू कधी समोर उभ्या राहत नसत, ते. त्यांनी सवयीनं फांदी वाकवली.

“हात काढा!” मी किंचाळले.

स्वामींच्या हातून फांदी सुटली. आवाज ऐकून काकू धावत बाहेर आल्या. आता माझं काही खरं नाही, असं वाटलं. त्या स्वामींच्या पाया पडल्या, उठल्या आणि त्यांच्या व झाडाच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

“पोरीनं बराबर केलं, स्वामी. आत चला, ताक देते.”