खिळ्यावरचा बिल्ला

माझी लेक संगणकाच्या पोटात चालणाऱ्या कामांना नंबर वाटायची झटपट रीत लिहिते. रिकामा नंबर हुडकण्यात वेळ जाऊ नये, पण नुकताच सुटलेला लगेच दुसऱ्याला देऊही नये, असं ती मला समजावत होती. मी म्हटलं, बाई गं, हे मला नको शिकवू.

पन्नासच्या दशकात मी बल्लारपूरजवळच्या एका कोळसा खाणीत बिल्ले वाटणारा बाबू होतो. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला नंबराचा पितळी बिल्ला असायचा. नवा माणूस आला की रजिस्टर पहिल्या पानापासून चाळून रिकामा नंबर शोधायचा. तोवर रांग पार फाटकाबाहेर. मला त्या रांगेचा संताप यायचा. म्हणून मी शक्कल लढवली. कुणी काम सोडलं की त्याचा बिल्ला खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवायचा आणि पुढच्या माणसाला तोच द्यायचा. रजिस्टरातली नावं संध्याकाळी बदलायची. साहेबांनी पाठ थोपटली, मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

एका सकाळी एकशे बारा नंबरवाल्याने काम सोडलं. घटकाभरात त्याचा बिल्ला मी एका नव्या माणसाला दिला. दुपारी खाली छत कोसळलं. एकच प्रेत वर आलं. चेहरा ठेचलेला, कमरेला एकशे बारा. मी रजिस्टर पाहून नाव वाचलं आणि शिपाई त्या घरी धाडला. फाटकावर जमलेल्या बाकीच्या बायकांचा जीव भांड्यात पडला.

तासाभराने खिडकीत त्याच नावाचा माणूस जिताजागता उभा!

"बाबूजी, माह्या घरी सारे रडून काऊन राह्यले? बायकोनं बांगड्या फोडल्या ना! मी त सकाळीच काम सोडलं."

जित्या माणसाच्या बायकोला मी विधवा केलं होतं, एवढंच आधी उमगलं. मग मेला तो कोण, हे उमगलं.

तेवढ्यात त्या नव्या माणसाची बायको डबा घेऊन खिडकीशी आली. मघाशी दुसऱ्याचं नाव ऐकून तिनेही देवाला हात जोडले होते.

"भाऊ, त्या बाईचं लय वाईट झालं. माह्या माणसाले कवा वर सोडता? पयलाच दिवस हाय त्याचा, भात थंडा होऊन राह्यला."

तिला खरं काय ते साहेबांनी सांगितलं. मी खिळा उपटत राहिलो.