वन्संची सोबत

आज बँकेत रांगेत माझ्यापुढे दोन बायका होत्या. एक पैसे भरत होती आणि दुसरी नुसती तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. मला माझ्या थोरल्या नणंदेची, वन्संची आठवण झाली.

माझ्या नवऱ्याच्या आजारपणात आम्ही पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं. ते वाचले नाहीत, कर्ज मात्र राहिलं. शाळेच्या पगारातून मी हप्ते भरू लागले. वन्सं दर महिन्याला दोन एसट्या बदलून यायच्या. पैसे देण्याची त्यांची ऐपत नव्हती. त्या फक्त माझ्याबरोबर पतसंस्थेत यायच्या आणि शेजारी उभ्या राहायच्या. तेवढ्या बळावर माझा महिना निघायचा.

एकदा मी दारातूनच मागे फिरले. म्हटलं, "वन्सं, माणूसच राहिलं नाही. कशासाठी फेडत बसायचं?"

त्यांनी माझा हात धरून मला थांबवलं. मग म्हणाल्या, "त्या कागदावर अनिलची सही आहे, मीना. माझा भाऊ कुणाचा मिंधा राहून गेला, असं नको व्हायला. चल, मी आहे ना."

पाच वर्षांनी शेवटचा हप्ता भरून आम्ही बाहेर आलो. मला वाटलं होतं, आता मोकळं वाटेल. पण वन्सं पायरीवरच बसल्या आणि ओक्साबोक्शी रडू लागल्या.

"आता त्याच्यासाठी करायचं काहीच उरलं नाही गं," त्या म्हणाल्या.

मी त्यांची काय समजूत घालणार? मलाही तेच वाटत होतं.